चौकटी हलल्या, तरी काम जुन्याच चालीनं का चालतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीत चारशेच्या आसपास माणसं आहेत. तीन वर्षांत दोनदा रचना बदलली. विभागांना नवी नावं मिळाली, दोन विभाग एकत्र केले, मूल्यांची पोस्टरं लागली, सगळ्यांची कार्यशाळा झाली. तरीही मंजुऱ्या तितक्याच रखडतात, विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात आणि अडचण वर पोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो. मग दोष रचनेचा की संस्कृतीचा, असं तुम्ही विचारलं आहे.

संस्थांच्या रचनेचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतो. माझं मत असं की ही दोन वेगळी दुखणी धरूच नयेत. संस्कृती म्हणजे माणसांनी रोजच्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष. प्रश्न विचारला की काय होतं, चूक कबूल केली की काय होतं, न विचारता निर्णय घेतला की काय होतं, हे माणूस नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांतच शिकतो आणि त्याप्रमाणे वागायला लागतो. हा अनुभव त्याला रचना देते: कोणाची सही लागते, अप्रेझल कोण करतं, कोणतं टार्गेट कोणाच्या माथी आहे, कोणती माहिती आधी कोणाकडे जाते. तुमच्याकडे कोण कोणाच्या हाताखाली ते दाखवणाऱ्या तक्त्यावरच्या चौकटी हलल्या, पण सह्या, टार्गेटं आणि अप्रेझल जागच्या जागी राहिली. अनुभव बदलला नाही, म्हणून वागणं बदललं नाही. त्यात लोकांचा हट्ट कमी आणि व्यवहारज्ञान जास्त आहे.

तक्ता मुळात कशासाठी आला, ते एकदा पाहण्यासारखं आहे. १८५५ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचे जनरल सुपरिंटेंडेंट डॅनियल मॅकॅलम यांनी आपल्या कंपनीचा तक्ता आखून घेतला. आधुनिक अर्थानं पहिला ऑर्गनायझेशन चार्ट म्हणून तो ओळखला जातो. मॅकॅलम यांची अडचण साधी होती. पन्नास मैलांच्या रेल्वेवर सुपरिंटेंडेंट स्वतः लक्ष घालू शकतो, बहुतेक माणसांना नावानं ओळखतो. पाचशे मैलांच्या मार्गावर हे जमत नाही. त्यांचा तक्ता झाडासारखा होता: संचालक मंडळ खाली मुळाशी आणि वरती मार्गांच्या दिशेनं पसरलेल्या फांद्या. रोजच्या गाड्यांचे निर्णय त्या त्या विभागाच्या सुपरिंटेंडेंटनं घ्यायचे आणि तारायंत्रानं माहिती नियमित मुख्यालयाकडे यायची, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे निर्णय कुठे होणार आणि माहिती कुठून कुठे जाणार, हे दोन प्रश्न सोडवायला तो तक्ता काढला गेला. आज बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात फक्त कोण कोणाच्या हाताखाली एवढंच दिसतं. ज्या तक्त्यात निर्णयाची जागाच लिहिलेली नाही, तो बदलून निर्णयांचा वेग कसा वाढेल?

मंजुरीचंच पाहू. एका कारखान्यात मला बोलावलं होतं ते ‘मेंटेनन्सच्या लोकांमध्ये आपलेपणा नाही’ या तक्रारीवरून. कंपनीचं नाव सांगत नाही, पण चित्र तुम्हाला ओळखीचं वाटेल. स्टोअरच्या नोंदीत नसलेले सुटे भाग फिटरांच्या लॉकरमध्ये सापडले होते: बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्ट, एका ठिकाणी तर पंपाचं अख्खं इम्पेलर. वरिष्ठांच्या मते ही बेशिस्त होती, कुणी तर चोरी म्हणालं. मी एका बेअरिंगच्या इंडेंटचा, म्हणजे मागणीपत्राचा, माग काढला. फिटरनं मागणी लिहायची, शिफ्ट सुपरवायझरची सही, मग मेंटेनन्स मॅनेजर, मग स्टोअरचा ‘साठ्यात नाही’ असा शेरा, मग परचेस, आणि रक्कम कितीही लहान असली तरी शेवटी प्लांट हेड. प्लांट हेड आठवड्यातले दोन-तीन दिवस बाहेर. तोवर मशीन बंद, आणि मशीन बंद राहिल्याचा जाब मात्र फिटरला. त्या माणसानं काय करावं? जुन्या मशीनमधून निघालेलं, अजून चालेल असं बेअरिंग पुसून, ग्रीस लावून, कागदात गुंडाळून लॉकरमध्ये ठेवावं. रात्रीच्या पाळीत तेच उपयोगी पडायचं. लॉकरमधला तो साठा म्हणजे त्या कारखान्याची खरी संस्कृती होती आणि ती त्या सह्यांनी घडवली होती.

तिथे कार्यशाळा घेतली असती तर लोकांनी मान डोलावली असती आणि लॉकरला दुसरं कुलूप लावलं असतं. आम्ही दोन गोष्टी केल्या. एका ठरावीक रकमेपर्यंतच्या सुट्या भागाची मंजुरी शिफ्ट सुपरवायझरवर थांबवली आणि स्टोअरला रात्री एक माणूस दिला. लॉकर रिकामे करायचं कुणालाच सांगितलं नाही. काही महिन्यांत भाग हळूहळू स्टोअरमध्ये जमा होऊ लागले, कारण लॉकरमध्ये जपून ठेवण्याची गरज उरली नाही. ‘आपलेपणा’ कुणी शिकवला नाही. इंडेंट वेळेवर सुटतं, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला, एवढंच झालं.

तुमचा दुसरा त्रास विभागांच्या ढकलाढकलीचा. इथे मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाचं १९६८ सालचं निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडतं: संस्था जी प्रणाली घडवते, तिची ठेवण त्या संस्थेतल्या संवादाच्या ठेवणीसारखीच होते. हे सॉफ्टवेअरपुरतं नाही. ग्राहकाला आपला पत्ता तीनदा भरावा लागत असेल, तर समजा की विक्री, बिलिंग आणि सर्व्हिस हे तीन विभाग आपापसांत बोलत नाहीत. ग्राहकाला तुमची रचनाच दिसत असते. म्हणून ‘समन्वय वाढवा’ असं सांगून भागत नाही. कोणत्या दोन माणसांनी रोज बोलायला हवं आणि आज ती का बोलत नाहीत, हे शोधावं लागतं. पुष्कळदा कारण अगदी सरळ असतं. विक्रीचं टार्गेट ऑर्डरच्या रकमेवर, उत्पादनाचं टार्गेट मशीन किती वेळ चाललं त्यावर. विक्रीनं दहा छोट्या, वेगवेगळ्या ऑर्डरी आणल्या की उत्पादनाचं सेटिंग दहादा बदलतं आणि त्यांचा आकडा पडतो. ही दोन माणसं स्वभावानं कितीही चांगली असोत, महिनाअखेर भांडणारच. आकडे तसेच ठेवून त्यांना एकत्र सहलीला नेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

टार्गेट संस्कृतीला कुठवर नेऊ शकतं, याचं सर्वज्ञात उदाहरण अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं. प्रत्येक ग्राहकाला जास्तीत जास्त खाती आणि कार्डं विकण्याचा दबाव शाखांवर होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. २०१६ साली प्रकरण बाहेर आलं आणि या कारणानं सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच्या काही वर्षांत काढून टाकल्याचं उघड झालं. एवढ्या माणसांना तेवढ्याच एका कारणासाठी काढावं लागतं, तेव्हा दोष माणसांच्या चारित्र्यात शोधणं थांबवायला हवं. बँकेच्या स्वतंत्र संचालकांनी २०१७ साली चौकशीचा अहवाल दिला. त्यात विक्रीच्या आक्रमक संस्कृतीबरोबर विकेंद्रित रचनेवरही बोट ठेवलं होतं: किरकोळ बँकिंगच्या प्रमुखांना फार मोकळीक होती, आणि जोखमीवर लक्ष ठेवणाऱ्या मध्यवर्ती विभागांना तिथे पुरेसा शिरकाव नव्हता. रचना आणि संस्कृती एकमेकींना कशा पोसतात, हे यात स्वच्छ दिसतं. आणि विकेंद्रीकरण हा रामबाण उपाय नाही हेही दिसतं. निर्णय खाली द्यायचे असतील तर त्या निर्णयांची खरी माहिती वर येण्याची वाटही तितकीच मोकळी हवी.

आता तिसऱ्या, आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर मुद्द्यावर येते. अडचण वर उशिरा पोचते, असं तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे. मी तुमच्या जागी असते तर सुरुवात इथूनच केली असती.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात परत येताना फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी सुटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असताना इंजिनिअरांना शंका होती. पंखाची छायाचित्रं मिळावीत म्हणून त्यांनी मागणी केली. ती ठरलेल्या मार्गानं आली नव्हती, अधिकृत गरज नेमकी कोणाची हे स्पष्ट होत नव्हतं, आणि मागणी मागे घेतली गेली. चौकशी मंडळानं पुढे निःसंदिग्ध लिहिलं की या अपघाताला फोम जितका कारणीभूत, तितकीच नासाची संघटनात्मक संस्कृतीही. त्याआधी सतरा वर्षं, १९८६ च्या जानेवारीत, उड्डाणानंतर लगेच फुटलेल्या चॅलेंजर या नासाच्याच यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी थंडीत रबरी सील धोका देतील म्हणून उड्डाण नको असं सांगितलं होतं. त्यांच्याच वरिष्ठांनी अखेर तो सल्ला फिरवला. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी या प्रकरणाचा अनेक वर्षं अभ्यास करून दाखवलं की आधीच्या उड्डाणांत सीलची झीज दिसत होती, पण काही बिघडलं नाही म्हणून दर वेळी ती थोडी अधिक स्वीकारली गेली. नियम मोडण्याचा कट वगैरे काही नव्हता. धोका सरावाचा झाला होता.

तुमच्या कंपनीत कुणाचा जीव धोक्यात नसेल, पण यंत्रणा हीच असते. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला आधी ‘तुम्ही कोणत्या अधिकारानं सांगताय?’ असं विचारलं गेलं, की पुढची बातमी वळसा घालून, गोड होऊन, उशिरा येते. आढावा बैठकीतली वाक्यं आठवा. ‘थोडा इश्यू आहे, पण मॅनेज करतोय.’ ‘नव्वद टक्के झालंय.’ ‘पुढच्या आठवड्यात क्लिअर होईल.’ हीच तीन वाक्यं आलटूनपालटून ऐकू येत असतील तर समजा, खरं सांगण्याची किंमत तिथे महाग झाली आहे.

फोर्ड मोटर कंपनीतला एक प्रसंग मी म्हणूनच अनेकांना सांगते. २००६ साली ॲलन मुलाली तिथे प्रमुख म्हणून आले. दर आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक प्रमुखानं आपलं काम हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवायचं, अशी पद्धत त्यांनी घातली. सुरुवातीला सगळं हिरवं. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, आणि तक्ते मात्र हिरवेगार. मग त्या प्रमुखांपैकी एक, मार्क फील्ड्स यांनी एज या नव्या गाडीचं काम अडल्याचं लाल रंगात दाखवलं. खोलीत सगळे गप्प. मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या, स्पष्ट दाखवल्याबद्दल आभार मानले आणि यात कोण मदत करू शकेल, असं विचारलं. मदतीला लोक पुढे आले, आणि पुढच्या काही आठवड्यांत इतरांचे तक्तेही रंगीत व्हायला लागले. इथे लोकांच्या नजरेत नेहमी टाळ्या भरतात. मला त्या बैठकीची रचना जास्त महत्त्वाची वाटते: दर आठवड्याला, सगळे प्रमुख समोर, एकाच नमुन्यात, आणि लाल रंगानंतरचा पुढचा प्रश्न मदतीचा. रचनेनं जागा दिली, प्रमुखाच्या पहिल्या प्रतिसादानं ती जागा सुरक्षित केली. दोन्हीपैकी एक नसतं तर काही हललं नसतं.

यातून एक गोष्ट उलटी वाटेल, ती आधीच सांगून ठेवते. बोलायला जागा मिळाली की सुरुवातीला अडचणी वाढल्यासारख्या दिसतात. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली. चुका जास्त होत होत्या असं नव्हे. त्या टीम चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होत्या. तुमच्याकडे बदल सुरू झाल्यावर पहिल्या तिमाहीत तक्रारी वाढल्या, म्हणून कुणी घाबरून बदल मागे घेऊ नये. हे संचालकांना अगोदरच पटवून ठेवा, नंतर समजावणं अवघड जातं.

‘पण आमची माणसंच तशी आहेत’ हा युक्तिवाद तुमच्याही बैठकीत येईल. त्यावर मला एकच उदाहरण पुरेसं वाटतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना संप, गैरहजेरी आणि निकृष्ट गाड्यांसाठी बदनाम होता. १९८२ साली तो बंद झाला. १९८४ साली टोयोटाबरोबर भागीदारीत नुम्मी या नावानं तो पुन्हा उघडला. बहुसंख्य कामगार जुनेच, युनियनही तीच. बदललं ते कामाचं स्वरूप: लहान टीम, टीम लीडर हाकेच्या अंतरावर, आणि दोष दिसला की दोरी ओढून लाइन थांबवण्याचा हक्क कोणत्याही कामगाराला. पूर्वी लाइन थांबवणं हा गुन्हा होता. आता दोरी ओढली की टीम लीडर धावत येऊन ‘काय झालं?’ विचारायचा. २० टक्क्यांच्या आसपास असलेली गैरहजेरी काही टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्याच्या जवळ गेला. तीच माणसं होती.

त्याचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. जनरल मोटर्सनं हीच पद्धत व्हॅन नाइस इथल्या कारखान्यात आणायचा प्रयत्न केला, पण ती रुजली नाही, आणि १९९२ साली तो कारखाना बंद झाला. नुम्मीत दोरीच्या मागे पुरवठादार, इंजिनिअर आणि सुपरवायझर यांची अख्खी साखळी उभी होती. सदोष भाग आला की पुरवठादाराला बोलावून तो दुरुस्त व्हायचा. साखळी नसताना नुसती दोरी टांगली तर कामगार ती ओढतो, कोणी येत नाही, आणि तो पुन्हा ओढत नाही. तुमच्या कंपनीतल्या सूचना-पेटीचं काय झालं ते तपासा. बहुधा हेच झालं असेल.

थर कमी करून ‘फ्लॅट’ व्हावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. माझा अनुभव सावध करणारा आहे. दहा माणसांत जोड्या होतात ४५ आणि वीस माणसांत १९०, त्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांशी बोलणं लवकरच अशक्य होतं. कागदावर थर नसले की अनौपचारिक थर तयार होतात: संस्थापकांच्या जवळचे, जुने, मोठ्या आवाजात बोलणारे. स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्त्रीवादी गटांबद्दल हेच दाखवून दिलं होतं, की रचना नाकारली तरी सत्ता राहतेच, फक्त तिला जाब विचारता येत नाही. तुमच्याकडे थर जास्त असतील तर जरूर कमी करा, पण प्रत्येक काढलेल्या थराकडे कोणते निर्णय होते आणि ते आता कोण घेणार, हे नावानिशी लिहून काढल्याशिवाय नको.

आता प्रत्यक्ष काय करायचं. गेल्या सहा महिन्यांतले तीन निर्णय निवडा: एक किरकोळ खरेदीचा, एक ग्राहकाच्या तक्रारीचा, एक नेमणुकीचा. प्रत्येकाचा कागद किंवा मेल पहिल्या दिवसापासून शोधा आणि तो कुठे किती दिवस पडून होता ते लिहा. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारा: या माणसानं आजवर कधी ‘नाही’ म्हटलं आहे का? जिथे नेहमी ‘हो’च मिळतं ती सही काढून टाकायला हरकत नाही, तिथे फक्त माहितीची प्रत पुरे. हे काम बाहेरच्या सल्लागाराला देऊ नका. तुमच्यातल्याच दोघांनी, शक्यतो वेगवेगळ्या विभागांतल्या, करावं.

त्याच वेळी भांडणाऱ्या दोन विभागांचा निदान एक आकडा सामायिक करा, उदाहरणार्थ ऑर्डर घेतल्यापासून माल ठरल्या तारखेला पोचण्याचं प्रमाण, आणि दोन्ही प्रमुखांच्या अप्रेझलमध्ये तो सारख्याच वजनानं धरा. वजन नाममात्र ठेवलं तर उपयोग नाही, ते लोकांना लगेच कळतं.

वरिष्ठांशी बोलताना संस्कृती हा शब्द शक्यतो टाळा. पुढच्या आढाव्यात पहिली वाईट बातमी आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य काय बोलायचं, एवढंच आधी ठरवून घ्या, आणि बातमी आणणाऱ्याला त्याच आठवड्यात मदत मिळाली की नाही, याचा पाठपुरावा तुम्ही स्वतः करा. सगळ्यांचं लक्ष त्या माणसाकडे असणार आहे: त्याला पुढच्या बैठकीला बोलावलं का, त्याचं अप्रेझल कसं झालं, त्याचा प्रोजेक्ट कुणाकडे गेला.

आणि तिसऱ्या पुनर्रचनेची चर्चा सुरू झाली असेल तर निदान एक वर्ष ती पुढे ढकलायला सांगा. प्रत्येक फेरबदलानंतर आपला साहेब कोण, आपलं अप्रेझल कोण लिहिणार, हे कळेपर्यंत कोणीही निर्णय अंगावर घेत नाही. तुमच्याकडे मंजुऱ्या इतक्या तुंबल्या आहेत, त्यातला बराच भाग गेल्या दोन फेरबदलांचाच असण्याची शक्यता मला वाटते; त्या तीन निर्णयांच्या तारखा रचना बदलल्याच्या तारखांशी ताडून पाहा.